हाजी मक्कीचं दुसरं लग्न

रबाबचा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण दर गुरुवारी ती त्याला दोन ठिकाणी भेटायची. आधी आपल्या गावच्या, सित्र्याच्या कब्रस्तानात, आणि तिथून बस धरून मनामा शहराच्या जुन्या बाजारातल्या एका संग्रहालयात. कब्रस्तानात ती कबरीवर पाणी शिंपडायची, फातिहा वाचायची, अंगणातल्या कुंडीतल्या मश्मूमची एक हिरवी, वासाची डहाळी मातीत खोचायची आणि दुसरी पिशवीत ठेवायची. संग्रहालयात गेली की ती दुसरी डहाळी नवऱ्याच्या पायाशी ठेवायची आणि मग त्याच्याशी मनसोक्त भांडायची.

कारण तिथे हाजी मक्की बसलेला होता. पुतळा म्हणा, बाहुला म्हणा, पण चेहरा त्याचा आणि हातही त्याचेच. जुने धंदे दाखवायच्या त्या दालनात कुंभार होता, विणकर होता, आणि कोपऱ्यात मासे पकडायचा तारेचा सापळा विणत हाजी मक्की. अख्ख्या सित्र्यात त्याच्यासारखे सापळे कुणी विणत नव्हतं, म्हणून शहरातून माणसं आली, त्याला उताणं झोपवलं, नाकपुड्यांत दोन नळ्या घातल्या आणि तोंडावर, हातांवर प्लास्टर थापलं. आता नाक असं की आधी नाक दारातून आत यायचं आणि मग हाजी! त्यात हा पठ्ठ्या शिंकला. पुन्हा पहिल्यापासून सगळं. दुसऱ्यांदा साचा ओढून काढला तेव्हा डावी भुवई अर्धी त्याच्याबरोबर निघून आली.

"अगं बाई! हे काय करून घेतलंस?" रबाबनं दारातच किंकाळी फोडली होती.

"अर्धी भुवई गेली तर गेली. आता मी मरत नाही, कळलं? लोक तिकीट काढून मला बघायला येणार."

"तिकीट काढून! आणि मासे कुठायत?"

मासे त्या दिवशी आणलेच नव्हते. भुवई काही पुन्हा उगवली नाही. पुतळा करणाऱ्यानंही ती अर्धीच ठेवली. पुढे थोड्याच वर्षांत हाजी ओहोटीला पाण्यात उतरला तो छातीत कळ येऊन तिथेच बसला, आणि लोकांनी त्याला खांद्यावरून घरी आणला. घरात त्याचा फोटो एकच, ओळखपत्रावरचा. त्यात तो असा दिसतो की जणू कोंबड्या चोरताना पकडलाय. मुलगा हबीब तो मोठा करून भिंतीवर लावणार होता, तर रबाब म्हणाली, "खबरदार! हा माझा नवरा नाही. माझा नवरा मनामात बसलाय."

तिला नवऱ्याचा चेहरा म्हणून या जगात एवढाच उरला होता. म्हणून ती उन्हातान्हात बस धरून जायची. प्रवाशांचे घोळके यायचे, सकाळी किल्ला, मग हे संग्रहालय, मग वाळवंटातलं ते एकटं झाड; धावत धावत फोटो काढायचे आणि जायचे. रबाब दोरीजवळच्या बाकावर बसून राहायची. "तुझा नातू तुझ्यासारखाच हट्टी निघालाय. समुद्रात तू काठ्या रोवून मासे अडवायचास ना, तिथे भराव घातला, आता तिथे पलंग-कपाटांचं दुकान आहे. आणि काल मुहम्मर केला होता, गोड भात, वर तळलेला साफी मासा. तुला नाही दिला!" पहारेकरी अतिया, शेजारच्याच गावचा भला माणूस, तिच्यासाठी चहाचा छोटा पेला आणून ठेवायचा आणि पाठ करून उभा राहायचा. नवराबायकोच्या भांडणात आपण कशाला!

मग संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद झालं. चार-दोन आठवडे नव्हे, चांगले काही महिने. रबाब दर गुरुवारी कब्रस्तानातून घरी परत यायची आणि विनाकारण सुनेवर चिडायची. "रंग द्यायला एवढा वेळ लागतो? काय दर्या रंगवतायत की काय?"

अखेर उघडलं. त्या गुरुवारी तिनं धुतलेली काळी अबाया घातली, मश्मूमची जरा मोठीच डहाळी खुडली आणि गेली. दारात अतिया. त्यानं तिला पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"हज्जिया, आज नको. आज... आत धूळ आहे. या, चहा घ्या आधी."

"धूळ? मी काय पावडर लावून आलेय? सर बाजूला."

ती सरळ आपल्या कोपऱ्याकडे गेली. दिवे नवे, भिंती नव्या, बाक गायब. सापळा तोच. तारेवरचे हात तेच, उजवा अंगठा तारेनं वाकडा झालेला, तोही तोच. पण वर भलताच माणूस! तरणाबांड, काळीभोर मिशी, गालांवर तुकतुकी, असा हसतोय की जणू टूथपेस्ट विकायला बसलाय.

 रबाबचा आवाज चढला. "अतिया! हा कोण रे मेला? माझ्या नवऱ्याचे हात याला कुणी दिले?"

अतिया स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला.

"मी काय विचारतेय? हाजीचं डोकं कुठाय?"

"वर आहे, हज्जिया," तो पुटपुटला. "वर... नवीन खोली केलीय."

वर म्हणजे माडीवर. गुडघे दुखत असताना रबाब कठड्याला धरून माडी चढली. चढताना तिला वाटत होतं, धूळ खात पडला असेल कुठेतरी फळीवर. तशीही मनाची तयारी तिनं केली होती. पण जे दिसलं त्याची तयारी कुणाच्या बापानं केली नसती.

नवरीची खोली होती ती. आपल्याकडे पूर्वी सजवायचे तशी: भिंती लाल कापडानं मढवलेल्या, त्यावर आरसेच आरसे, छताला रंगीत काचेचे गोळे, खाली गालिचा, धुपाटण्यात ऊद. आणि मधोमध, सोनेरी काठाचा झगा खांद्यावर घेऊन, सुरमा घातलेल्या डोळ्यांनी बसलेला हाजी मक्की! अर्धी भुवई तशीच. नाक तसंच. मांडीवर गोरेगोमटे, नाजूक, कुणा कारकुनाचे हात. आणि त्याच्या शेजारी, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत हिरव्या कापडाखाली झाकलेली, ताठ, सडपातळ अशी नवरी.

 रबाबच्या हातातली डहाळी पडली. दोन परदेशी बायका फोटो काढत होत्या, त्या दचकून बाजूला झाल्या, कारण ही म्हातारी एकदम ओरडली होती, "या अल्ला! यानं दुसरी केली!"

अतियानं धावत येऊन तिला धरलं. "हज्जिया, पुतळा आहे हो तो."

"मला दिसत नाही का पुतळा आहे ते? पुतळ्याला लाज नको? चाळीस-पन्नास लोक बघतायत रोज!" आणि मग हाजीकडे वळून, "अरे नालायका! सुरमा घातलास? माझ्या लग्नात डोळ्यांत मीठ होतं तुझ्या, समुद्रावरून तसाच उठून आला होतास!"

हेच तिला लागलं होतं. रबाबचं लग्न झालं तेव्हा तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, मुहर्रमचा महिना तोंडावर आलेला. त्यात लग्न करायचं नसतं, आणि वडिलांना तर पोरीला नांदायला गेलेली बघायचं होतं. म्हणून एका संध्याकाळी घाईघाईनं निकाह उरकला. आरशांची खोली नाही, डोक्यावर धरायचं हिरवं कापड नाही, बायकांची गाणी नाहीत. कपड्यांचं गाठोडं घेऊन ती गल्लीच्या या टोकापासून त्या टोकाला चालत गेली, झालं लग्न. रात्री हाजी तिला म्हणाला होता, "पुढच्या हंगामात पैसे आले की तुझ्यासाठी आरशांची खोली सजवतो. तुला मधोमध बसवतो आणि मी शेजारी बसतो." किती हंगाम आले आणि गेले. पैसे आले ते होडीत गेले, औषधात गेले, हबीबच्या शाळेत गेले. तिनंही पुढे विषय काढला नाही. आणि आता हा बसलाय आरशांच्या खोलीत, शेजारी दुसरीच!

ती घरी आली तेव्हा तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. हबीबनं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आई, अगं लाकूड आणि प्लास्टर आहे ते. त्यात बाबांचं काय आहे?"

"नाक आहे!"



दुसऱ्या दिवशी तर कहरच झाला. भट्टीवर रोट्या घ्यायला गेलेल्या कुणाला हे कळलं आणि दुपारपर्यंत साऱ्या गावात बातमी, की हाजी मक्कीनं मेल्यावर लग्न केलं. बायकांच्या मजलिशीत तर जी ती तोंडात बोटं घालत होती. एकीला पडला प्रश्न, हे चालतं का? दुसरी म्हणाली, पुतळ्याला कसला आलाय निकाह! आणि रबाबची जन्माची मैत्रीण मलका, जिच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "रबाब, रागावू नकोस. चार करायची मुभा असून बिचाऱ्यानं जिवंतपणी एकीवर भागवलं. आता जरा सवड मिळाली त्याला."

"तुझा नवरा तुला कंटाळून तिसऱ्या खोलीत झोपतो, तू नको बोलूस."

"झोपतो ना, पण एकटा झोपतो. आरसे लावून नाही!"

सगळ्या हसल्या. रबाबही हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. मलका चपापली. रबाब एवढंच म्हणाली, "तुम्हाला गंमत वाटते. मी आता गुरुवारी कुठे जाऊ? तिच्यासमोर बसून बोलू त्याच्याशी?"  मलकानं आपल्या अबायेच्या टोकानं तिचे डोळे पुसले आणि म्हणाली, "उठ. आपण जाऊन त्याला आणू परत."

पुढच्या गुरुवारी दोघी गेल्या. संग्रहालयाच्या कारभारीणबाई म्हणजे नबीला, तिशीतली, हसरी, कामाला वाघ. तिनं दोघींना खजूर आणि कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं, आणि ऐकता ऐकता तिचाच चेहरा उतरला. हबीबची आई, 'उम्म हबीब' अशी मानाची हाक मारून ती म्हणाली,

"उम्म हबीब, खरं सांगते, मला माहीतच नव्हतं घरचं कुणी येतं म्हणून. लोक धंद्यांच्या दालनात थांबत नाहीत, लग्न बघायला थांबतात. नवरदेवासाठी चांगला चेहरा हवा होता. जुन्या सगळ्या पुतळ्यांचे रंग उडालेत, नाकं तुटलीत. हाजींचं..."

"त्याचं नाक कशानं तुटणार!" मलका म्हणाली.

"मला तो खाली हवाय," रबाब म्हणाली. "त्याच्या सापळ्यापाशी. होता तसा."

नबीलानं कप खाली ठेवला. "ते नाही जमणार हो. खालच्या पुतळ्याला नवा चेहरा कायमचा चिकटवलाय. तुमची हरकत असेल तर मी हाजींना नवरदेव म्हणून ठेवणार नाही, आजच काढते. पण मग ते गोदामात जातील. खोक्यात. तिथे कुणाला सोडता येत नाही, तुम्हालासुद्धा नाही. तुम्ही सांगाल तसं करू."

 रबाब नवऱ्याला परत न्यायला आली होती, आणि आता एक तर तो सवतीजवळ राहणार, नाहीतर तिला पुन्हा कधी दिसणारच नाही. हे असलं काही विचारतील असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. पहिल्या वेळी त्याला मातीत ठेवला तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी तिनं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, की न्या, ठेवा खोक्यात!

"मला आधी तिला बघू दे," ती अखेर म्हणाली. "त्या बाईला."

दुपारची वेळ, प्रवासी झाडाकडे गेलेले, माडीवर कुणी नव्हतं. अतियानं दोरी सोडली. रबाब चपला काढून गालिच्यावर चढली, कुणाच्या घरी आल्यासारखी. हाजीकडे तिनं बघितलंही नाही. सरळ नवरीसमोर गेली आणि हिरवं कापड उचललं.

आत बाई नव्हतीच. लाकडाचा एक दांडा, त्याला आडवी फळी, आणि वर कापसाचं बोचकं सुतळीनं बांधलेलं. तोंड नाही, डोळे नाहीत, काही नाही.

"हे काय?" रबाब थक्क झाली. "हिला तोंडच नाही!"

"पैसे संपले, हज्जिया," अतिया म्हणाला. "म्हटलं, झाकलेलीच आहे, कोण बघतंय!"

मलका दारातून म्हणाली, "आणि तू हिच्यावर आठवडाभर जळत होतीस!"

रबाब खो खो हसायला लागली. एवढी, की ती हाजीच्या दुसऱ्या बाजूला, गादीवर मटकन बसली. हसू आवरून तिनं डोळे पुसले आणि वर बघितलं. समोर आरसा. बाजूला आरसा. जिकडे बघावं तिकडे आरसे, आणि प्रत्येकात ती दोघं.

इतकी वर्षं ती दर गुरुवारी त्याच्यासमोर बसली होती, पण दोघं एकत्र कशी दिसतात हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या लेखी ती त्याची बायको होती आणि तो तिचा नवरा, बस्स. आता पाहिलं. सुरमा घातलेला, काळ्या दाढीचा, पन्नाशीही न गाठलेला माणूस, आणि त्याच्या खांद्याला टेकून एक सुरकुतलेली, वाकलेली, दात पडलेली म्हातारी.

"मलके," ती अगदी हळू म्हणाली, "ही कोण गं?"

मलकाला वाटलं चेष्टा करतेय. ती काहीतरी बोलणार होती, पण तिनं रबाबचा चेहरा पाहिला आणि ती दारातून आत आली.

"आई दिसतेय मी त्याची," रबाब म्हणाली. "लोक म्हणतील, मुलाच्या लग्नात आई मधे येऊन बसलीय. मी म्हातारी झाले, मलके. मला कुणी सांगितलंच नाही. हा तसाच राहिला आणि मी एकटीच म्हातारी झाले."

 अतिया पाठ करून उभा राहिला, पूर्वी राहायचा तसा. हाजी आपला समोर बघत होता, कारकुनाचे हात मांडीवर ठेवून. रबाबनं त्याच्या गालाला हात लावला. थंड होता, पण गालाचं हाड ओळखीचं होतं. तिनं अबायेच्या टोकानं त्याच्या डोळ्यातला सुरमा थोडा पुसला, सगळा नाही. मग त्या बोचक्याकडे बघत राहिली. 

शेवटी अतियाचा हात धरून ती उठली, आणि नबीला वर आली तेव्हा तिला म्हणाली, "बसू दे त्याला इथे. आयुष्यात कधी नीट बसला नाही, ओहोटी लागली की अर्ध्या घासावरून उठायचा. पण हे हात काढा. हात त्याचे त्याला द्या, वाकड्या अंगठ्यासकट. मी असल्या हातांच्या माणसाशी लग्न नव्हतं केलं."

"हात देते," नबीला म्हणाली. "आजच देते. आणि नवरीचं काय करू, उम्म हबीब? पुढच्या वर्षी पैसे आले की तिला चेहरा करायचा विचार आहे."

"मुळीच नाही!" रबाब अशी ओरडली की काचेचे गोळे किणकिणले. "हिला तोंड करायचं नाही. कध्धी नाही. झाकलेलीच राहू दे. आत कोण आहे ते कुणाला कळायची गरज नाही."

नबीलाच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तिला कळलं. मलकाला तर केव्हाच कळलं होतं.

रबाबनं पिशवीतून मश्मूमची डहाळी काढली. आपल्याकडे ती नवरीच्या केसांतही माळतात आणि कबरीवरही ठेवतात. आजवर ही दुसरी डहाळी ती नवऱ्याच्या पायाशी ठेवत आली होती. आज तिनं हिरवं कापड पुन्हा उचललं, कापसाच्या त्या बोचक्यात, जिथे कानामागे केस असते तिथे, डहाळी नीट खोचली आणि कापड सारखं करून खाली सोडलं. मग चपला घातल्या.

"येते पुढच्या गुरुवारी," दारातून वळून ती हाजीला म्हणाली. "खोली सजवायला इतका वेळ लावलास, त्याबद्दल बोलायचंय तुझ्याशी."